पिछाडीची तोफ

युद्धकाळात व्यापारी जहाजांवर तोफा चढवण्याला विरोध करणाऱ्यांचा मुख्य आधार असा की, निःशस्त्र जहाज थांबवून त्याची झडती घ्यावी व ते बुडवण्यापूर्वी खलाशांना सुरक्षित स्थळी पोहोचवावे, हे सागरी युद्धातील संरक्षण तोफ चढताच गमावले जाते. पहिल्या महायुद्धात तटस्थ, म्हणजे कोणत्याही पक्षात सामील नसलेल्या, नेदरलँड्सने परक्यांच्या सशस्त्र व्यापारी जहाजांना आपल्या बंदरांत मज्जाव केला होता, हाही दाखला ते देतात. परंतु तटस्थाचा नियम आक्रमण झालेल्या राष्ट्राला लावणे हा उघड तर्कदोष आहे. मे १९४० मध्ये जर्मनीने नेदरलँड्सवर आक्रमण केल्यावर तटस्थता उरली नाही; आणि त्या संरक्षणाचे म्हणाल, तर ३ सप्टेंबर १९३९ रोजीच ‘अथेनिया’ हे उतारू जहाज जर्मन पाणबुडीने पूर्वसूचनेशिवाय बुडवले होते. शिवाय व्यापारी जहाजाची मुख्य तोफ सामान्यतः पिछाडीला बसवलेली असे, कारण ती पाठलाग करण्यासाठी नसून पाठलाग करणाऱ्याला रोखण्यासाठी होती.

एकट्यादुकट्या तोफेचा उपयोग काय, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १७५४ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्या आरमाराने ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांपैकी दोन जाळली व तिसरे पकडले, हे कोकणच्या किनाऱ्यावरचेच उदाहरण आहे. मात्र तोफांच्या संख्येने विजयाची हमी मिळत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. तोफ निरुपयोगी ठरत नाही.

याचा निर्णायक पुरावा ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात मिळाला. ‘ओंदिना’ हे डच तेलवाहू जहाज ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलहून रिकाम्या टाक्यांनिशी निघाले होते आणि त्याच्या सोबतीला रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगाल’ ही छोटी सुरुंगशोधक नौका, म्हणजे पाण्यात पेरलेले सुरुंग काढणारी नौका, होती. त्यांच्यावर ‘होकोकू मारू’ व ‘आइकोकू मारू’ ही दहा हजार टनांवरील दोन जपानी जहाजे चालून आली. तीही मुळात व्यापारीच, परंतु हल्ल्यासाठी सशस्त्र केलेली. ‘बेंगाल’चे कप्तान विल्सन यांनी ‘ओंदिना’ला निसटण्याचा आदेश देऊन आपली नौका थेट शत्रूवर घातली, तर वेगात आपला निभाव लागणार नाही हे ओळखून ‘ओंदिना’नेही आपल्या एकमेव चार इंची तोफेतून मारा सुरू केला. गोळे होते अवघे ३२. त्या लढतीत ‘होकोकू मारू’वर आग भडकली, स्फोट झाला आणि ते बुडाले. निर्णायक गोळा कोणाचा, याबद्दल दोन्ही नौकांचे दावे वेगळे असले तरी प्रस्तुत मुद्द्याला त्याने बाध येत नाही, कारण ‘ओंदिना’ निःशस्त्र असते तर शत्रूला सगळा मारा ‘बेंगाल’वर एकवटता आला असता.

या यशाची किंमत लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘ओंदिना’चे गोळे संपले, तिचे कप्तान विलेम होर्समान ठार झाले, जहाज सोडून होड्यांत उतरलेल्या खलाशांवर मशीनगनचा मारा झाला. तरीही टॉर्पेडो लागलेले जहाज, टाक्या रिकाम्या असल्यामुळे, तरंगत राहिले. शत्रू निघून गेल्यावर उरलेले खलाशी त्यावर परतले आणि त्यांनी ते फ्रीमँटलला नेले. याउलट मे १९४२ मध्ये याच दोन जपानी जहाजांनी पकडलेले ‘गेनोटा’ हे डच तेलवाहू जहाज पुढे जपानी नौदलाच्या इंधनवाहतुकीला जुंपले गेले. तेव्हा तक्रार करायचीच असेल तर ती तोफेविरुद्ध नव्हे, तिच्यासोबत अवघे ३२ गोळे देणाऱ्या तुटपुंज्या तजविजीविरुद्ध करावी लागेल.