काळ्या रंगाची मधली पायरी

पावसाळा सरला की घरोघरी शालू-पैठण्यांना ऊन दाखविले जाते आणि त्या पुन्हा पेटीत जाताना घडीशेजारी चार-दोन डांबराच्या गोळ्या ठेवल्या जातात. एवढ्या शुभ्र गोळीला 'डांबराची' का म्हणावे, असे मुलांना वाटते. पण लोकभाषेने येथे वस्तूचे कूळ अचूक नोंदवून ठेवले आहे. ही गोळी नॅप्थलीनची, आणि दगडी कोळशाच्या डांबरात सर्वाधिक प्रमाणात असणारा घटक म्हणजे नॅप्थलीनच. (हल्ली पुष्कळशा गोळ्या निराळ्याच रसायनाच्या असतात, नाव मात्र जुनेच चालू आहे.) तथापि नॅप्थलीन काही केवळ कसरीपासून वस्त्रे राखण्यासाठी निर्माण होत नाही. त्यातील काही भाग वस्त्रांना रंग देण्याच्या कामी जातो. त्या वाटेवरचा एक मुक्काम आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो.

रंगारी कापड बुडवितो ते पाण्यात. म्हणून रंगद्रव्य पाण्यात विरघळले पाहिजे. नॅप्थलीन तर पाण्याला जुमानत नाही. त्याला तीव्र गंधकाम्लात तापविले की गंधक व प्राणवायू असलेला एक गट त्याच्या रेणूला चिकटतो आणि नॅप्थलीनचे सल्फोनिक आम्ल तयार होते. हे आम्ल पाण्यात सुखाने विरघळते. गंमत अशी की, हा गट रेणूच्या कोणत्या जागी बसावा हे पुष्कळसे उष्णतेवर ठरते. ८० अंश सेल्सियसच्या आत तापविले तर तो एका जागी बसतो, १६० अंशांच्या आसपास नेले तर शेजारच्या दुसऱ्या जागी. द्रव्ये तीच, भांडे तेच. आच बदलली की पदार्थ बदलला. पुरणाची आच सांभाळणाऱ्या गृहिणीला याचे नवल वाटू नये.

अशा आम्लांचे एक मोठे कुटुंबच आहे. काहींना शास्त्रज्ञांची नावे मिळाली, जसे क्लीव्हचे आम्ल, लॉरेंटचे आम्ल. काहींची ओळख नुसत्या अक्षरांनी होते. 'आर' आम्लापासून निघणारा रंग तांबूस, म्हणून जर्मन भाषेतील तांबड्याचे आद्याक्षर; 'जी'चा पिवळसर, म्हणून पिवळ्याचे. १८८४ साली जर्मनीत बॉटिगर याने काँगो रेड हा रंग तयार केला, तोही अशाच एका सल्फोनिक आम्लाच्या आधाराने. तोपर्यंत बहुतेक रंगांसाठी सुती कापडाला आधी तुरटीसारखे बंधक द्रव्य द्यावे लागे. काँगो रेडने ती अट काढून टाकली.

या कुटुंबातील कर्ता पुरुष म्हणजे 'एच' आम्ल. त्याची घडण ऐकण्यासारखी आहे. प्रथम नॅप्थलीनवर सल्फोनिक गट एक नव्हे, तीन बसवायचे. मग नत्राम्लाने नायट्रो गट जोडायचा. लोखंडाच्या किसाने त्याचे अमिनो गटात रूपांतर करायचे. नंतर कॉस्टिक सोड्याबरोबर बंद भांड्यात दाबाखाली तापवून तिघांपैकी एका सल्फोनिक गटाच्या जागी हायड्रॉक्सिल गट आणायचा. शेवटी आम्ल घातले की करड्या-पांढऱ्या भुकटीचा साका खाली बसतो. या भुकटीकडे पाहून कोणाला काळ्या रंगाची आठवणही होणार नाही. परंतु तिच्या रेणूला जणू दोन हात आहेत. आम्लयुक्त द्रावणात एका हाताने आणि अल्कयुक्त द्रावणात दुसऱ्या हाताने ती दुसऱ्या रसायनाशी जोडली जाते. दोन्ही हात गुंतले की गडद निळा-काळा रंग प्रकटतो. सुती कापडावरच्या काळ्या रंगात मोठा खप असलेला 'रिॲक्टिव्ह ब्लॅक ५' याच जातीचा.

आपल्या गुजरातेतील वटवा, नरोडा, अंकलेश्वर, वापी ही नावे या धंद्यात सर्वतोमुखी आहेत. परंतु एच आम्लाची दुसरी बाजू पाहावयाची तर राजस्थानात, उदयपूरजवळच्या बिछडी गावी जावे लागते.

तेथे फेब्रुवारी १९८८ मध्ये एका कारखान्याने एच आम्लाचे उत्पादन सुरू केले. ते एक वर्षही धड चालले नाही. न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे एकंदर ३७५ टन एच आम्ल तयार झाले. त्यापोटी सुमारे ८,२५० घनमीटर सांडपाणी आणि २,४४० टन गाळ निघाला. म्हणजे मालाच्या साडेसहापट गाळ! लोखंडाचा कीस आणि चुन्यापासून झालेला जिप्सम यांचा तो चिखल, आणि त्यात मुरलेली आम्ले. तो उघड्यावर पडला, पावसाने झिरपला आणि विहिरींचे पाणी काळपट-तांबडे झाले. ते माणसांना पिण्याजोगे उरले नाही, गुरांना नाही आणि शेताला देण्याजोगेही नाही. गावकरी खवळून उठले, जमावबंदी पुकारावी लागली आणि जानेवारी १९८९ मध्ये कारखाना बंद पडला.

विहिरी एवढ्या लवकर का बिघडल्या? ज्या सल्फोनिक गटांमुळे रंग पाण्यात विरघळतो, त्याच गटांमुळे त्याचे टाकाऊ द्रव्यही पाण्याची पाठ सोडत नाही. मातीला ते फारसे चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरते आणि भूगर्भातून पुढे सरकते. एरवी घाण खाऊन टाकणारे जीवाणूही याच्या वाटेला सहसा जात नाहीत. रंगाऱ्याच्या हौदात जो गुण, तोच विहिरीत अवगुण. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटर लांबीच्या वाहिनीने खंभातच्या आखाताकडे नेले जाते. अशा पाण्यावर आधी नीट प्रक्रिया झाली नाही, तर लांब नेल्याने केवळ ठिकाण बदलते.

उपाय नाहीत असे नव्हे. लोखंडाच्या किसाऐवजी उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन वापरला तर लोखंडी गाळाचा प्रश्नच मिटतो. सांडपाणी आटवून उरलेले क्षार वेगळे काढता येतात. मात्र या साऱ्याला पैसा लागतो, आणि स्वस्त काळ्या रंगाच्या किमतीत तो धरायला कोणी राजी नसते. पाश्चात्त्य देशांनी आपल्याकडे हे उत्पादन बंद केले, गरज मात्र कायम ठेवली आणि ती भागविण्याचे काम आपल्याकडे आले, अशा आशयाची नोंद सर्वोच्च न्यायालयाने याच खटल्यात केली आहे. ती वाचताना मन खिन्न होते.

हा खटला १९८९ मध्ये एका पर्यावरण संस्थेने दाखल केला. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने जागेवर जाऊन माती, पाणी व गाळ तपासला. गाळ खड्ड्यांत पुरून टाकावा असा आदेश होता. पण बराचसा गाळ इकडेतिकडे पसरून त्यावर माती ओढल्याचे आढळले. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा सारा खर्च द्यावा, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या खर्चाची रक्कम सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपये ठरली. ती भरण्याऐवजी अर्जांमागून अर्ज येत राहिले. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने ते सारे फेटाळून मूळ रकमेवर दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज व दहा लाख रुपये खर्च बसविला. कारखाना सुरू झाला त्या साली बिछडीत जन्मलेले मूल तोवर तेवीस वर्षांचे झाले होते.