पेन्शनचा मोर्चा अर्धा जिंकला, पण झाडूवाली बाई कुठे आहे?

12 डिसेंबर 2023 ला नागपूर अधिवेशनावर जुन्या पेन्शनसाठी महामोर्चा निघाला. पूर्णेहून आम्ही काही जण अकोलामार्गे रेल्वेने गेलो. मी सरकारी नोकर नाही, सोबतचे मित्र शिक्षक होते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या पांढऱ्या टोप्यांनी रस्ते भरले होते. परत आल्यावर आपल्या पोरांकडून दोनच गोष्टी ऐकल्या. पहिली, “मोर्चे काढून काही होत नसतं.” दुसरी, “ते पगारवाले, त्यांचं आपल्याला काय?” मित्रांनो, दोन्ही गोष्टी चूक आहेत आणि दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

आधी पहिली गोष्ट. 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन राज्य सरकारने काढून घेतली. डिसेंबर 2022 मध्ये देवेंद्र फडणवीस सभागृहात म्हणाले की जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. मार्च 2023 मध्ये 14 ते 20 तारखेपर्यंत कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले. डिसेंबरात नागपूरचा मोर्चा झाला. 4 जानेवारी 2024 ला मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेआधीची आहे, अशा सुमारे 26 हजार जणांना जुनी पेन्शन मिळेल. 1 मार्चला बाकीच्यांसाठी शेवटच्या पगाराच्या निम्म्या पेन्शनची सुधारित योजना जाहीर झाली. पगारातली कपात मात्र कायम राहिली. म्हणजे विजय अर्धाच झाला. पण ‘पैसा नाही’ म्हणणाऱ्या सरकारला पैसा सापडला! नुसत्या गर्दीने तो सापडला नाही. मोर्चाच्या मागे संपाची ताकद होती, मागणी एकच होती आणि निवडणूक तोंडावर होती.

आता दुसरी गोष्ट. 10 जानेवारी 1938 ला बाबासाहेबांनी मुंबईत कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. त्यात महार होते, तसे कुणबीही होते. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला कामगारांचा संप हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांसोबत उभे राहिले. पण त्याआधी फेब्रुवारीत, आपल्याच रेल्वेमार्गावरच्या मनमाडला, त्यांनी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांना बजावले होते की तुमचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. अस्पृश्याला गँगमनच्या वर चढू न देणाऱ्या व्यवस्थेवर आणि त्यावर गप्प बसणाऱ्या कामगार पुढाऱ्यांवर त्यांनी बोट ठेवले. म्हणजे लढ्यात सामील व्हायचे, पण आपला प्रश्न खिशात घालून नाही.

नागपुरात मोर्चा पांगल्यावर एक बाई रस्त्यावरच्या बाटल्या आणि टोप्या झाडून गोळा करत होती. मी विचारले, “ताई, तुम्ही परमनंट आहात का?” ती म्हणाली, “नाही भाऊ, ठेकेदाराकडे आहे. पेन्शन कायची, पगारच टायमावर नाही.”

त्या मोर्चाची खरी परीक्षा या बाईपाशी होते. काटकसरीची कुऱ्हाड पेन्शनवर पडायच्या कितीतरी आधी झाडूवर पडली. सफाई, शिपाई, पहारेकरी ही कामे ठेक्यावर गेली. याच नोकऱ्यांवर आपल्या पहिल्या पिढीने पोरे शिकवली. ठेका आला की पेन्शन जाते आणि तिच्यासोबत आरक्षणही जाते, कारण ठेकेदाराच्या दारात बिंदुनामावली लटकत नाही. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नऊ खासगी एजन्सींमार्फत भरतीचा रस्ता काढला. तरुण रस्त्यावर आले आणि 20 ऑक्टोबरला तो रद्द झाल्याची घोषणा करावी लागली. मोर्चाने काही होत नाही म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे. पण जी पदे आधीच ठेक्यावर गेली, ती परत आली नाहीत. नागपूरच्या टोपीवर मिशन एकच होते आणि त्यात ही बाई नव्हती.

दोष फक्त त्यांना देऊन चालणार नाही. मे 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये वळवले गेले. खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी दाखवली. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे ज्या विभागातून चालतात, तिथला हा पैसा. पेन्शनवाले संपावर बसले होते. आपण काय केले? स्टेटस ठेवले! बहिणीला पैसे द्यायला आपला विरोध नाही. तिच्याच पोरांच्या ताटातून काढून तिला वाढायला विरोध आहे. अनुसूचित जातींचा निधी राखणारा कायदा कर्नाटकात 2013 ला आणि तेलंगणात 2017 ला झाला, महाराष्ट्रात अजून नाही. कर्नाटकात कायदा असूनही पैसा गॅरंटी योजनांकडे गेला. म्हणजे कायदा हवाच, आणि त्याच्या पहाऱ्याला रस्त्यावर माणसेही हवीत.

म्हणून पेन्शनवाल्या आपल्या बांधवांना सांगणे आहे की पुढच्या मोर्चाच्या निवेदनात ठेका बंदी आणि अनुशेष भरती या मागण्या पहिल्या पानावर घ्या. वॉर्डावॉर्डातल्या पोरांना सांगणे आहे की जयंतीच्या मिरवणुकीला जमणारी शक्ती एक दिवस निधीच्या कायद्यासाठी कलेक्टर कचेरीवर न्या. मोर्चा किती लाखांचा होता हे दुसऱ्या दिवशी पेपरात येते. मोर्चा संपल्यावर झाडू कुणाच्या हातात राहिला आणि कोणत्या पगारावर, यावर त्याचा निकाल लागतो.

जयभीम!