जुनी तबकडी, नवी आवृत्ती आणि अनाम वादक

गाजलेली ध्वनिमुद्रिका पुन्हा बाजारात आली की रसिकांत दोन तट पडतात. एका पक्षाला जुनी तबकडीच खरी वाटते, सुई टेकताना होणाऱ्या खरखरीसकट. दुसऱ्या पक्षाला नव्या तंत्राने स्वच्छ केलेली, चार अधिक गाणी जोडलेली आवृत्ती म्हणजे पर्वणी वाटते. ‘लेड झेपेलिन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘कोडा’ या संग्रहावरून पाश्चात्त्य ब्लूज-रॉक संगीताच्या चाहत्यांत असाच वाद चालत आला आहे. मुंबईकर श्रोत्याने त्याकडे परक्याचे भांडण म्हणून पाहण्याचे कारण नाही. त्या संग्रहाच्या ताज्या आवृत्तीत मुंबईचा वाटा आहे.

ढोलवादक जॉन बॉनम यांचे 1980 साली निधन झाले आणि हा वाद्यवृंद विसर्जित झाला. मागे उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून आठ गाणी निवडून 1982 साली ‘कोडा’ प्रसिद्ध झाला. 1993 च्या समग्र संचात त्याला आणखी चार गाणी जोडण्यात आली. 2015 साली गिटारवादक जिमी पेज यांच्या देखरेखीखाली तो तीन तबकड्यांचा झाला. मूळ संग्रह म्हणजे पंगत उठल्यावर वाढलेले उरलेसुरले अन्न, असे कित्येक चाहत्यांचे मत आजही आहे. मोठ्या आवृत्तीमुळे त्याला प्रथमच अंगकाठी लाभली, असे दुसरे म्हणतात. तिसऱ्या वर्गाचा आक्षेप असा की, संग्रहाला स्वतःचा एक घाट असतो. आठ गाण्यांच्या जागी तेवीस गाणी घातली तर तो संग्रह न राहता कोठार होते. तिन्ही मतांत तथ्य आहे.

याच तिसऱ्या आवृत्तीत दोन गाणी अशी आहेत की, ती लंडनची नसून मुंबईची आहेत. 1972 साली पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. येथील वादकांना सोबत घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी नव्याने मुद्रित केली. तबला आणि आपल्याकडील तंतुवाद्ये यांच्या संगतीत या गाण्यांचा बाजच पालटला. पुढे चाळीसहून अधिक वर्षे ही मुद्रणे चोरट्या प्रतींतूनच फिरत राहिली. 2015 साली ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, तेव्हा गीतांच्या यादीत नावापुढे कंसात दोनच शब्द आले: ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

हे कोणा स्थायी संस्थेचे नाव नव्हे. त्या कामापुरत्या जमलेल्या वादकांना दिलेले ते सोयीचे नाव आहे. त्यामागे माणसे होती, त्यांची वर्षांची तालीम होती आणि अपरिचित गाणे ऐकून त्यात आपला सूर मिसळण्याचे दुर्मिळ कसब होते. मुद्रण स्वच्छ झाले की नाही यावर तासन्‌तास वाद घालणारा रसिक, वाजवणारे कोण होते हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो.

वादकांना त्या दिवसाचा मोबदला मिळाला, व्यवहार तेथेच संपला, असे यावर कोणी म्हणेल. व्यवहारापुरते ते खरेही असेल. परंतु श्रेय ही मोबदल्याहून निराळी गोष्ट आहे, हे याच वाद्यवृंदाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. त्यांच्या 1969 सालच्या ‘होल लोटा लव्ह’ या गाण्यात आपल्या रचनेची उचल आहे, असा दावा अमेरिकेतील ब्लूजचे थोर रचनाकार विली डिक्सन यांनी 1985 साली न्यायालयात दाखल केला. 1987 साली तडजोड झाली आणि नंतरच्या आवृत्त्यांवर डिक्सन यांचे नाव येऊ लागले. म्हणजे पुनःप्रकाशनाने केवळ आवाज सुधारत नाही, अन्यायही सुधारता येतो. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या सुरांवर हे सारे संगीत उभे राहिले, त्यांच्यापैकी एकाला उशिरा का होईना, न्याय मिळाला. मग मुंबईच्या वादकांनी काय अपराध केला?

हा दोष एकट्या परदेशी कंपन्यांच्या माथी मारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावे ठळक असत. वादक आणि संगीत-संयोजक मात्र बहुधा अनाम राहत. गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवले. सर्वसामान्य प्रेक्षकाला मात्र हे नाव परिचित झाले ते 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मधील एका पात्रामुळे. शिष्याने गुरूला केलेले ते वंदन हृद्य खरेच. पण कलावंताची ओळख अशा योगायोगावर अवलंबून असावी काय?

मराठी श्रोत्याला तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. 1955–56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले, तेव्हा त्यातील गीते अनेक गायक-गायिकांनी गायिली होती. नंतर ती सारी सुधीर फडके यांच्या स्वरात मुद्रित होऊन घरोघर पोहोचली. फडक्यांचा स्वर श्रेष्ठ, यात वाद नाही. तथापि ज्यांनी मूळ प्रसारण ऐकले होते, त्यांच्या मनात माणिक वर्मांचा वा वसंतराव देशपांड्यांचा स्वरही नांदत राहिला. नंतरची आवृत्ती आधीचीला झाकून टाकते, ती अशी; आणि झाकले गेलेले जपण्याचे काम शेवटी श्रोत्यांच्या स्मृतीवर येऊन पडते.

स्मृतीला मात्र वयाची मर्यादा असते. 1972 साली तिशीत असलेला वादक आज ऐंशी ओलांडून गेला असेल. मानधनाच्या पावत्या, स्वरलेखनाच्या वह्या, जुनी छायाचित्रे ही अंधेरी-बोरिवलीच्या वा घाटकोपर-मुलुंडच्या एखाद्या घरात माळ्यावरील ट्रंकेत पडून असतात. इमारत पुनर्विकासाला गेली की प्रथम रद्दीत जाते ती हीच ट्रंक. उपनगरांतील महाविद्यालयांनी प्रकल्पाच्या नावाखाली त्याच त्या विषयांची उजळणी करण्याऐवजी विद्यार्थ्यांना अशा वृद्ध वादकांकडे पाठवावे, त्यांच्या आठवणी मुद्रित कराव्यात, नावे पडताळून घ्यावीत. त्याला मोठा निधी लागत नाही. खिशातील दूरध्वनी आणि ऐकून घेण्याची सबुरी एवढे पुरेसे आहे.

तबकडी बरी की नवी आवृत्ती, हा वाद चालू राहील आणि चालू राहावा. रसिकता जिवंत असल्याचे ते लक्षण आहे. पण प्रत्येक नव्या आवृत्तीला श्रोत्यांनी आणखी एक कसोटी लावली पाहिजे. आवाज किती उजळला, गाणी किती वाढली, याबरोबरच नावे किती वाढली, हेही विचारले पाहिजे. ग्राहकाने मागितल्यावाचून कंपनी सहसा काही देत नाही. पुढील आवृत्तीत त्या दोन शब्दांच्या जागी वादकांची यादी यावी, असे वाटत असेल, तर ती मागणी सर्वप्रथम मुंबईतूनच उठली पाहिजे.