मुरगळलेला पाय चोळू नका, हाड ‘बसवून’ तर मुळीच घेऊ नका!

सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात एक ठरलेला पेशंट असतो. रविवारी क्रिकेट खेळलेला, गडावर गेलेला किंवा सोसायटीच्या स्पर्धेत बऱ्याच वर्षांनी धावलेला. एका पायात चप्पल, दुसरी हातात आणि घोटा पावासारखा टम्म फुगलेला. ‘‘काय केलंत?’’ असं विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. ‘‘काही नाही डॉक्टर, पाय मुरगळला. रात्री तेल लावून जोरात चोळून घेतला, गरम शेक दिला. सकाळी बघतो तर दुप्पट!’’

दुप्पट होणारच. मुरगळला तेव्हा एक दुखापत झाली होती, चोळून घेतला तेव्हा दुसरी झाली. आज मला या दुसऱ्या दुखापतीविषयी बोलायचं आहे, कारण ती शंभर टक्के टाळता येते.

पाय मुरगळतो तेव्हा आत काय होतं?

घोट्याची हाडं एकमेकांना धरून ठेवणारे चिवट पट्टे असतात. त्यांना अस्थिबंध किंवा लिगामेंट म्हणतात. पाऊल आतल्या बाजूला वळलं की बाहेरच्या घोट्याखालचे हे पट्टे ताणले जातात, त्यातले काही धागे तुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. म्हणून सूज येते आणि कातडी निळी-काळी पडते.

यात कुठेही ‘शीर सरकलेली’ नसते किंवा ‘शिरेवर शीर चढलेली’ नसते. जे सरकलंच नाही ते कोणी बसवणार कसं? पाऊल ओढल्यावर जो ‘कट्’ आवाज येतो तो बोटं मोडताना येतो तसाच आवाज आहे. तो ऐकून आपल्याला वाटतं, बसलं! प्रत्यक्षात अर्धवट तुटलेले धागे आणखी तुटू शकतात. आणि हाड खरोखरच सांध्यातून निखळलं असेल, तर ते एक्स-रे पाहून, दुखू नये याची सोय करून, शिरा आणि रक्तवाहिन्या सांभाळून बसवावं लागतं. ओट्यावर बसून हिसका देऊन नाही.

‘‘पण आमच्या काकांना गुण आला होता,’’ असं तुम्ही म्हणाल. आला असेल. साधा मुरगळलेला पाय बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपला आपण सुधारतो. तुम्ही चोळा, लेप लावा, किंवा उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय लावून घेतात तसा लावून घ्या, शरीर आपलं काम करतच असतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते आणि श्रेय कावळ्याला मिळतं.

पण प्रत्येक वेळी ‘नुसतं मुरगळलेलं’ नसतं

काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याचे आई-वडील घेऊन आले. झाडावरून हातावर पडला होता. कोपर सुजलं म्हणून गावात नेऊन चोळलं, लेप लावला आणि बांबूच्या कामट्या लावून कापडाने करकचून बांधलं. मुलगा रात्रभर रडत होता. ‘‘बांधलंय म्हणजे दुखणारच,’’ असं सांगून त्याला गप्प केलं गेलं. तिसऱ्या दिवशी रडणं थांबलं, म्हणून घरच्यांना बरं वाटलं. रडणं थांबलं होतं कारण बोटांची संवेदना गेली होती. मी कापड कापलं तेव्हा बोटं थंड होती आणि हलत नव्हती. त्याला लगेच पुढे पाठवलं, शस्त्रक्रिया झाली. आज त्याची बोटं आत वळलेली आहेत. त्या हाताने तो शर्टाचं बटण लावू शकत नाही.

मुलांमध्ये कोपराच्या वरचं हे फ्रॅक्चर अगदी नेहमी आढळतं. त्यावर घट्ट बांधलं की आतली सूज पसरायला जागा उरत नाही, दाब वाढतो, रक्तपुरवठा बंद पडतो. सहा-आठ तासांत स्नायूंचं कायमचं नुकसान होऊ लागतं. रिचर्ड फॉन फोल्कमन या जर्मन सर्जनने घट्ट बँडेजमुळे असे आखडणारे हात १८८१ साली नोंदवून ठेवले आहेत. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आणि आपण अजून कामट्या बांधतोच आहोत.

कोपराच्या दुखापतीवर जोरात चोळल्याने आणखी एक गोष्ट होऊ शकते. स्नायूमध्येच हाड तयार होतं आणि कोपर कायमचं अडकतं.

आम्हा डॉक्टरांचंही चुकतं

सगळा दोष तुमच्यावर टाकून मी मोकळा होणार नाही. चोळणारा माणूस तुमचा पाय हातात घेतो, कुठे दुखतं ते विचारतो, अर्धा तास देतो. आमच्यापैकी कित्येक जण पायाला हातही न लावता एक्स-रे लिहितात, कमरेत इंजेक्शन देतात आणि ‘आराम करा’ म्हणून पुढच्या पेशंटला बोलावतात. मीसुद्धा गर्दीच्या दिवशी हे केलं आहे. पेशंट मग जवळच्या, स्वस्त आणि आपलेपणाने बोलणाऱ्या माणसाकडे गेला तर नवल नाही. पण आपुलकी आणि उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडून तपासणी आणि वेळ मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

मग करायचं काय?

पहिले दोन-तीन दिवस:

१. खेळ तिथेच थांबवा. ‘एवढी ओव्हर टाकतो’ नको.
२. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. बर्फाने दुखणं कमी होतं. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका.
३. क्रेप बँडेज बोटांकडून वर असं बांधा. बोटांना मुंग्या आल्या, ती गार किंवा निळी पडली, तर लगेच सोडा.
४. पाय उशांवर, छातीच्या पातळीपेक्षा उंच ठेवा.
५. चोळणं, शेक आणि दारू बंद.
६. दुखण्यासाठी सहसा पॅरासिटामॉल पुरतं. शेजाऱ्याची डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नका, विशेषतः किडनीचा, अल्सरचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर.

एक्स-रे कधी? कॅनडातल्या ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी सोपे नियम दिले, ते आज जगभर वापरतात. दुखापत झाल्यावर आणि दवाखान्यातही, लंगडत का होईना, चार पावलं टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर अथवा टोकावर दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रे काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर, करंगळीच्या हाडाच्या मुळाशी, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखलं तरीही काढा. लहान मुलं आणि पायाची संवेदना कमी झालेले मधुमेही यांच्यासाठी या नियमांवर विसंबू नका, त्यांना दाखवाच.

वाट न बघता हॉस्पिटल गाठा: हात-पाय वाकडा दिसत असेल, जखमेतून हाड दिसत असेल, बोटं बधिर किंवा थंड पडली असतील, बांधल्यावर दुखणं वाढतच असेल, किंवा गुडघ्यात ‘फट्’ आवाज होऊन दोन-तीन तासांत तो सुजला असेल.

आणि नंतरची चूक

पहिली चूक चोळण्याची, तर शेवटची चूक नुसतं पडून राहण्याची. फ्रॅक्चर नसेल तर दोन-तीन दिवसांनी, सोसेल तेवढा भार देत चालायला लागा. खुर्चीत बसून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवा. मग भिंतीला धरून टाचा उचला. पुढे रोज दात घासताना दुखऱ्या पायावर अर्धा मिनिट उभे राहा. तोल सांभाळण्याचा हा व्यायाम कित्येक आठवडे करायचा असतो. तो न केल्यानेच ‘माझा हाच पाय सारखा मुरगळतो’ ही तक्रार घेऊन लोक वर्षानुवर्षं येतात. दुखऱ्या पायावर लंगडी घालता आली, नागमोडी धावता आलं आणि दुखलं नाही, तरच मैदानात उतरा. त्या आधी इंजेक्शन घेऊन खेळवणारा प्रशिक्षक किंवा पालक मुलाचं भलं करत नाही.

घरातल्या ज्येष्ठांना हे पटवणं सोपं नाही, मला ठाऊक आहे. आजी प्रेमाने तेलाची वाटी घेऊन येईल. तिला नाही म्हणू नका. बर्फ आणि दोन उशा आणायला सांगा.