फॉरमॅट मारण्याआधी विचारा!

चवथ आठ दिवसांवर आली होती. सकाळी संगणक चालू केला, तर लिनक्स हवे की विंडोज, असे विचारणारी रोजची यादी दिसलीच नाही. थेट विंडोज उघडले. मी घाबरलो आणि संगणक उचलून बाजारातल्या एका दुकानात नेला. तिथला मुलगा हुशार, बोलायला गोड. पाच मिनिटे पाहून म्हणाला, "काका, हांगा दोन पार्टिशनां रितीं आसात. फॉरमॅट मारतां." त्याला कळते असे समजून मी मान डोलावली.

त्या 'रित्या' भागात आमच्या गावच्या जत्रेत होऊन गेलेल्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या मी वर्षानुवर्षे टंकून ठेवल्या होत्या. त्यांतल्या दोन वह्या मधल्या काळात वाळवीने खाल्ल्या. दुसरी प्रत ठेवली नाही, हा गुन्हा माझा; तो कबूल. पण उरलेल्या गुन्ह्याबद्दल आज बोलायचे आहे.

मंडळी, विंडोजला लिनक्सची फाइलव्यवस्था मुळात वाचताच येत नाही. त्या भागाला ते नाव देत नाही, कधी तर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' असेच सुचवते. म्हणजे आपल्याला वाचता येत नाही ते रिकामे! मोडी येत नाही म्हणून आजोबांचे दप्तर रद्दीत घालणारा नातू आणि हा न्याय, यांत फरक काय?

खरे तर बिघाड किती क्षुल्लक असतो पाहा. जुन्या संगणकांत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सुरुवातीचा कार्यक्रम असे. विंडोज नव्याने टाकले की तो पुसला जाई, आणि लिनक्सचा 'ग्रब' नाहीसा होई. आताच्या यूईएफआय संगणकांत दोघांचे बूटलोडर एका छोट्या विभाजनात आपापल्या फोल्डरमध्ये राहतात. आधी कोणाला हाक मारायची तो क्रम बोर्डावर नोंदलेला असतो. क्रम बदलला की लिनक्स 'गेले' असे वाटते. माझ्या बाबतीत नेमके तेवढेच झाले होते. चालू करताना एफ २, एफ १२ किंवा डिलीट यांपैकी आपल्या संगणकाचे बटण दाबून क्रम बदलला असता, तर काम दोन मिनिटांचे होते. क्रम बरोबर असूनही उघडले नाही, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, आधी फाइली बाहेर काढाव्यात, मग ग्रब पुन्हा बसवावा. उलट, यादीतून विंडोजच गायब असेल तरी ते बहुधा जागेवरच असते. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिमचा शोध आपणहून घेणे मुळात बंद ठेवले आहे, इतकेच.

चावी हरवली म्हणून कोणी घर पाडत नाही!

कधी दोष खरोखर मोठा असतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेक जोडसंगणकांवर लिनक्स सुरूच होईना. अशा संगणकांना हा बदल लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने आधी सांगितले होते. पक्की दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. पण तेव्हाही फाइली सुरक्षितच होत्या. त्या नऊ महिन्यांत ज्यांनी घाईने फॉरमॅट मारले, त्यांचे नुकसान अपडेटने नव्हे, घाईने केले.

दुकानदार म्हणतील, गिऱ्हाइकाला तासाभरात संगणक हवा असतो, शोधाशोधीचे पैसे कोण देणार? प्रश्न रास्त आहे. मी देईन. तुम्हीही द्या. मात्र "आत काय आहे?" हे विचारायला पैसे लागत नाहीत.

आणि आपणही सुधारूया. दुकानात जाताना कागदावर लिहून द्या: 'यात लिनक्स आहे, विचारल्याशिवाय काही पुसू नये.' सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची ४८ अंकी चावी जवळ आहे ना ते पाहा, नाहीतर विंडोजही दार बंद करून बसेल. आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत घराबाहेर ठेवा.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या संगणकावर लिनक्स घालून पाहणारे आता आपल्यातही वाढतील. त्यांच्यासाठी हे लिहिले. माझी नाटके काही परत येणार नाहीत.