चर्चच्या शेवटच्या बाकावर

लांज्याच्या एका भगिनीचा प्रश्न या महिन्यात घेत आहे. मुलगी नववीत आहे. शाळेची सहल डिसेंबरात गोव्याला जाणार. रात्री लांज्याहून बस सुटेल आणि रविवारी सकाळी मुले जुन्या गोव्यात पोहोचतील, म्हणजे चर्चमध्ये मिस्सा चालू असणार. बाईंनी वर्गात सांगितले की सगळ्यांनी आत बसून प्रार्थना पाहायची आहे. मुलीची आजी म्हणते, पाठवूच नका. मोठा भाऊ म्हणतो, त्यात काय, सगळे करतील तसे करायचे. आई मध्ये अडकली आहे. पैसे भरायची तारीख जवळ आली आहे आणि मुलगी रडकुंडीला आली आहे.

मला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. आजीच्या उत्तरात मुलीचे नुकसान आहे आणि भावाच्या उत्तरात दीनचे.

आधी आपल्या इतिहासाकडे पाहू. नजरानच्या ख्रिस्ती लोकांचे सुमारे साठ जणांचे शिष्टमंडळ मदीनेला आले होते. सीरतच्या जुन्या ग्रंथांत त्याची हकीकत आहे. त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली, तेव्हा ते मस्जिदे नबवीतच उभे राहिले आणि पूर्वेकडे तोंड करून त्यांनी आपली प्रार्थना सुरू केली. काहींना ते रुचले नाही, पण पैगंबर (सल्ल.) यांनी त्यांना अडवू दिले नाही. हा प्रसंग आपण उदारपणाचा दाखला म्हणून नेहमी सांगतो, पण त्यातली दुसरी बाजू सांगायची राहून जाते. त्या पाहुण्यांना नमाजच्या सफमध्ये कोणी उभे केले नाही आणि सहाबांपैकी कोणी त्यांच्या प्रार्थनेत सामील झाले नाही. हजरत ईसा (अलै.) यांच्याबद्दलचा मतभेदही कोणी झाकून ठेवला नाही. त्यावर स्पष्ट बोलणे झाले, दोन्ही बाजू आपापल्या जागी राहिल्या आणि शेवटी करार करून पाहुणे परत गेले.

हजरत उमर (रजि.) यांची जेरुसलेममधली गोष्टही आपल्या घरांत माहीत असते. ते तिथल्या मोठ्या चर्चमध्ये असताना नमाजची वेळ झाली. धर्मगुरू सोफ्रोनियस यांनी आतच नमाज पढण्यास सांगितले. हजरत उमर बाहेर आले आणि त्यांनी पायऱ्यांपाशी नमाज पढली, कारण पुढे मुसलमान त्या जागेवर हक्क सांगतील अशी त्यांना काळजी वाटली. ही हकीकत एका ख्रिस्ती इतिहासकारानेच लिहून ठेवली आहे.

म्हणजे चर्चमध्ये जाणे, तिथे अदबीने बसणे आणि तिथल्या इबादतीत भाग घेणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जाण्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत. मूर्ती आणि चित्रे असलेल्या ठिकाणी जाणे अनेकांनी नापसंत केले. सहीह बुखारीत या विषयावर एक बाबच आहे आणि त्यात इब्ने अब्बास (रजि.) यांच्याबद्दल आले आहे की, मूर्ती नसलेल्या चर्चमध्ये ते नमाजही पढत. आपण कोकणातले बहुतेक शाफई. त्यामुळे आत जाण्याच्या मसअल्यावर मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना जरूर विचारावे. त्यांनी नको म्हटले तर मुलीने बाहेरच्या आवारात थांबावे, पण त्यासाठी तिची सहल रद्द करू नये. भाग घेण्याबद्दल मात्र मतभेद नाही. तौहीदवर ईमान असलेल्याने दुसऱ्या धर्माची उपासना करायची नाही, मग ती गंमत म्हणून असो की संकोचापोटी.

मुले चुकतात ती बहुधा संकोचापोटीच, आणि त्याचे कारण आत काय होणार हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून आईने आदल्या रात्री पोरीला जवळ घेऊन हे सांगावे. मिस्सामध्ये लोक कधी उभे राहतात, कधी बसतात, कधी गुडघे टेकतात. सगळे उभे राहिले तर तूही उभी राहा, त्यात अदब आहे. गुडघे टेकतील तेव्हा शांत बसून राहा. कोणी तुला उठवणार नाही. क्रूसाची खूण करायची नाही, मेणबत्ती लावायची नाही, प्रार्थनेचे शब्द म्हणायचे नाहीत. शेजारच्या बाई शांतीचा नमस्कार करतील, त्यांना हसून उत्तर दे. शेवटी शेवटी लोक रांगेने पुढे जातील आणि धर्मगुरू त्यांना एक पातळ गोल चकती देतील. त्याला कम्युनियन म्हणतात. त्या रांगेत जायचे नाही.

या शेवटच्या गोष्टीबद्दल पालकांनाही माहिती हवी. ती चकती म्हणजे देवळातल्या साखरफुटाण्यासारखा कोणालाही वाटायचा प्रसाद नव्हे. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ते येशूचे शरीर आहे, आणि बाप्तिस्मा झालेल्या, त्यांच्या पंथाच्या माणसालाच ते दिले जाते. बाकीच्यांनी ते घेऊ नये हा त्यांचाच नियम आहे. म्हणजे आपली मुलगी जागेवर बसून राहिली तर तिने आपला दीन जपला आणि त्यांचाही मान राखला. मैत्रिणींच्या मागे जाऊन हात पुढे केला तर दोन्हीकडून चूक. ही गोष्ट बाईंनाही माहीत नसण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा त्यांच्याही कानावर घालावी.

बाईंशी बोलताना भांडणाचा सूर नको. त्यांच्या मनात बहुधा काही नसते. चाळीस मुले एका जागी गप्प बसावीत एवढीच त्यांची इच्छा असते. पण गरज पडली तर कायदा काय म्हणतो हे आपल्याला ठाऊक असावे. घटनेच्या २८व्या कलमातील तिसरा भाग सांगतो की, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेतल्या विद्यार्थ्याला तिथल्या धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. कलमाचे शब्द शाळेच्या आणि तिच्या आवाराच्या संदर्भात आहेत, पण सहलीत वेगळे का वागावे? शिवाय १९८६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा बिजो इमॅन्युएल खटल्याचा निकाल आहे. केरळमधली तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. ती मुले ख्रिस्ती होती, यहोवाचे साक्षीदार या पंथाची. आदराने उभे राहणे आणि तोंडाने म्हणणे यातला फरक देशाच्या सर्वात मोठ्या न्यायालयाने मान्य केला, तोही त्यांच्या मुलांच्या निमित्ताने.

कोकणातली मुले आता गोव्याच्या पुढेही जातात. इंग्लंडच्या सरकारी शाळांत रोज सामूहिक प्रार्थना असावी आणि ती प्रामुख्याने ख्रिस्ती स्वरूपाची असावी असा कायदाच आहे. पण आपल्या मुलाला त्यातून वगळा असे सांगण्याचा हक्क पालकांना त्याच कायद्याने दिला आहे. अमेरिकेने २००२ साली मुस्लिम मुलांची मोठी संख्या असलेल्या देशांसाठी विद्यार्थी आदानप्रदानाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात भारतातली मुलेही गेली. वर्षभर अमेरिकन कुटुंबात राहायचे, म्हणजे रविवारी सकाळी घरची मंडळी चर्चला निघाली की आपण काय करायचे, हा प्रश्न आलाच. तिथे आई शेजारी नसते. नाताळच्या समूहगानात गायचे का, हेही तिथे सोळा वर्षांच्या मुलालाच ठरवावे लागते. माझ्या मते ज्या गीतात हजरत ईसांना देवाचा पुत्र म्हटले आहे ते गाऊ नये. शिक्षकाला आधीच तसे सांगितले तर तो दुसरे काम देतो, आयत्या वेळी गप्प उभे राहिले तर सगळ्यांचाच विरस होतो.

आजीच्या मनातल्या एका गोष्टीबद्दल लिहिले पाहिजे. जुन्या गोव्याचे नाव निघाले की जुन्या माणसांना आदिलशाही आठवते. १५१० च्या नोव्हेंबरात अल्बुकर्कने ते शहर घेतले आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. हे त्याने स्वतःच आपल्या राजाला कळवले. सेंट कॅजेटन चर्चजवळ आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजाची कमान आजही उभी आहे. मुलांना ती जरूर दाखवावी. पण आज त्या बाकांवर गुडघे टेकणाऱ्या गोवेकर म्हातारीने ती कत्तल केलेली नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

आणि मुलीला हेही सांगावे की तिथे ज्यांची मूर्ती दिसेल त्या बीबी मरियमच्या नावाने आपल्या कुरआनात एक पूर्ण सूरह आहे. मूर्तीशी आपले नाते नाही, पण त्या नावाशी आहे. कोणी मैत्रिणीने विचारले तर तिला हे सांगता आले पाहिजे.

महाराष्ट्रात काही ठिकाणी मस्जिद परिचयाचे कार्यक्रम झाले आहेत. शेजारचे हिंदू, ख्रिस्ती लोक येतात, मागे बसून जमातची नमाज पाहतात, मग प्रश्न विचारतात. त्यांना कोणी सफमध्ये ओढत नाही, आणि ते नमाज पढले नाहीत म्हणून कोणाला वाईटही वाटत नाही.

राहिला नमाजचा प्रश्न. लांजा ते जुने गोवे हे अंतर कसरसाठी लागणाऱ्या ८०-८५ किलोमीटरच्या दुपटीहून जास्त आहे. जोहर आणि असर दोन-दोन रकात होतील, आणि शाफई मसलकात सफरमध्ये त्या एकत्रही पढता येतात. बसमध्ये इतरही मुस्लिम मुले-मुली असतील, तर पालकांनी मिळून बाईंना एक विनंती करावी. मंगेशीहून फोंडा अगदी जवळ आहे आणि फोंड्यात आदिलशाही काळातली साफा मस्जिद आहे. जांभ्या दगडाची, शेजारी मोठा तलाव. बस तिथे अर्धा तास थांबवावी. आपली मुले नमाज पढतील, बाकीची मुले तलावाच्या पायऱ्यांवर बसून डबा खातील किंवा मस्जिद पाहतील.

कागदावर ते ठिकाण लिहून घ्यावे, नाहीतर बस थेट मिरामारला जाते.