उरलेली नजर राखा!

डोळ्यावर लेझर झाले की दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसू लागते, असा समज आपल्या वस्त्यांमध्ये पक्का आहे. तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवरून आलेला आहे. डोळ्याच्या पडद्यातील शीर तुंबली तर मात्र प्रकरण वेगळे असते. पडद्यावर रक्त उतरते, सूज येते, नजर धूसर होते. पण दुखत काहीच नाही. त्यामुळे चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून माणूस स्वस्थ बसतो.

आमच्या उजव्या डोळ्याला हा उपचार झाला आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. बाहुली मोठी करणारे थेंब, डोळ्याला टेकवलेले भिंग, प्रखर प्रकाशाचे झटके, मधूनच टोचल्यासारखी कळ. वीसेक मिनिटांत काम आटोपते. सोबत कुणीतरी न्यावे, त्या दिवशी गाडी चालवू नये. खरा धीर लागतो तो पुढे. ओळी वाकड्या दिसतात, अंधारात चाचपडावे लागते. मग ‘लेझर फुकट गेले’ म्हणून अनेकजण पुढची तारीख चुकवतात.

इथेच घात होतो! पडद्यावर फुटलेल्या नव्या, कमकुवत रक्तवाहिन्या सुकवून उरलेली नजर वाचवणे, हे अशा लेझरचे मुख्य काम आहे. त्या तशाच राहिल्या तर डोळ्यात रक्तस्राव होतो, दाब वाढतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. मध्यभागाच्या सुजेवर आता बहुधा इंजेक्शने देतात. तीही एकाने भागत नाहीत.

पण हातावर पोट असलेल्याने दर खेपेला स्वतःची आणि सोबत्याची मजुरी बुडवायची कशी? 1976 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने मोतीबिंदूची शिबिरे गावोगाव नेली. त्याच शिबिरांत रक्तदाब, साखर आणि पडदा का तपासू नये? पडद्याचे लेझर आणि पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयातच का मिळू नये? ही मागणी आपण संघटितपणे रेटली पाहिजे.

तोवर एवढे तरी करा. चाळिशीनंतर रक्तदाब आणि साखर नियमित तपासा. आठवड्यातून एकदा एक डोळा झाकून दुसऱ्याने वर्तमानपत्र वाचून पाहा, कारण एका डोळ्याचे अधूपण दुसरा डोळा झाकून टाकतो. फरक जाणवला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि लेझर झाले असेल तर पुढची तारीख चुकवू नका!